मोठ्या हँडलचा शत्रू

माझे सासरे बंदुका दुरुस्त करतात आणि गेली चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना दुकानातून हाकलून देतात. दुसरं काम त्यांना जास्त आवडतं असा माझा दाट संशय आहे.

हाकलायला सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक म्हणजे मोठं हँडल मागणारं. ज्यांनी कधी रायफल हातात धरली नाही त्यांच्यासाठी सांगते. बोल्टच्या रायफलमधून एक गोळी सुटली की पुढची आपोआप येत नाही. नळीमागे बोल्ट नावाचा सरकता दांडा असतो, त्याला उजव्या बाजूला एक हँडल असतं, त्याच्या टोकाला बोराएवढा गोळा. हँडल वर उचलायचं, मागे ओढायचं, रिकामं काडतूस बाहेर उडतं, मग पुढे ढकलायचं आणि खाली दाबायचं. दर गोळीला हा खटाटोप. हल्ली लोकांना तो गोळा लिंबाएवढा हवा असतो. हातात बसतो म्हणे, पटकन उचलला जातो म्हणे.

बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, उत्तर ठरलेलं. "तुमच्या बोल्टला मोठं हँडल नको, आंघोळ हवी." मग ते बोल्ट बाहेर काढायचे, आतला काळा चिकट थर त्या माणसाच्या नाकासमोर धरायचे, सगळं पुसून ग्रीस लावायचे आणि रायफल परत द्यायचे. बोल्ट लोण्यासारखा चालायला लागायचा. माणूस ओशाळून घरी जायचा. दहातल्या नऊ वेळा बाबांचंच बरोबर ठरायचं आणि सगळा घोळ त्यातूनच झाला. इतक्यांदा बरोबर ठरलेल्या माणसाला कोण समजावणार?

दहावा माणूस म्हणजे सुतारकाका. बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांची दोन बोटं करवतीत गेलेली. आठ वर्षांपूर्वी ते दुकानात आले आणि म्हणाले, "अरे, तीन बोटांत हा एवढासा गोळा टिकत नाही. निसटतो. जरा मोठा करून दे."

"बोटं तीन आणि सबबी दहा," बाबा म्हणाले. वर हसलेही.

सुतारकाका तसेच उठले. दुसरीकडून हँडल बसवून आणलं. तेव्हापासून दोघं नेमबाजीच्या मैदानावर शेजारी शेजारी पालथे झोपून नेम धरतात, पण बोलतात फक्त वाऱ्याबद्दल.

हे सगळं मी जवळून पाहिलंय, कारण दुकानातलं लेथ मशीन माझ्या ताब्यात आहे. मी टर्नर आहे, लेथवर धातू कातते. बाबांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, दातांचा डॉक्टर झाला. बंदुकीच्या आवाजाने त्याचं डोकं दुखतं. लोकांच्या दाढेत भोक पाडतो तेव्हा दुखत नाही. त्यामुळे बाबांचा धंदा सुनेकडे आला. पहिल्या भेटीत त्यांनी मला स्वयंपाक येतो का असं विचारलं नाही, आटे पाडता येतात का ते विचारलं. मी हो म्हणाले आणि घरातला माझा प्रश्न तिथेच मिटला.

गेल्या वर्षी ज्येष्ठांची स्पर्धा होती. दरवर्षी असते. पालथं झोपून दीड मिनिटात दहा गोळ्या. बाबांनी ही स्पर्धा एकही वर्ष चुकवलेली नाही. त्या दिवशी त्यांच्या सहा गोळ्या झाल्या आणि भोंगा वाजला. उरलेल्या चार तशाच राहिल्या. ते उठले, रायफल पेटीत घातली आणि घरी आल्यावर म्हणाले, "पुरे झालं आता. कंटाळा आला."

कंटाळा! जो माणूस बोल्टचा आवाज ऐकून रायफलचं वय सांगतो त्याला कंटाळा आला. माझा विश्वास बसला नाही. मग मी डोळ्यांत तेल घालून पाहायला लागले. मधाची बरणी उघडायला ते आईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, सरकवायचे. शर्टाची वरची दोन बटणं आई लावायच्या. कुलूप डाव्या हाताने उघडायचे. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. अंगठ्याचा सांधा झिजलाय, तो पूर्वीसारखा होणार नाही, पण हात वापरत राहा, बसवून ठेवू नका, असं ते म्हणाले. बाबांनी त्यातलं फक्त 'पूर्वीसारखा होणार नाही' एवढंच घरी आणलं.

रायफल कपाटात गेली. बाबा दुकानात अकराला यायला लागले, पेपर उघडून बसायचे. कुणी काही विचारलं की म्हणायचे, "सूनबाईला विचारा." एरवी हे ऐकून मी हरखले असते. तेव्हा मात्र नको वाटायचं. मोठं हँडल मागणाऱ्या एका गिऱ्हाइकाला त्यांनी चक्क हाकललं नाही, तेव्हा मी घाबरलेच.

यंदाच्या स्पर्धेला सहा आठवडे उरले होते. यंदा गेले नाहीत तर बाबा परत कधीच जाणार नाहीत, मग हळूहळू दुकानातही यायचे नाहीत. हे मला कळत होतं आणि आईंनाही. एका सकाळी आईंनी कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली.

"तू कर काहीतरी. माझं तर ऐकतच नाहीत. तुझ्याशी निदान भांडतात तरी."

मी रायफल शिकंज्यात आवळली, मापं घेतली आणि अॅल्युमिनियमचा गोळा कातला. चांगला लिंबाएवढा, पकड यावी म्हणून वर बारीक खाचा पाडलेला. जुना गोळा आट्यांचा होता, काढून नवा फिरवून बसवला. नेम धरायची दुर्बीण वर चढवली आणि रायफल बाबांपुढे ठेवली. काम देखणं झालं होतं, मी स्वतःवर खूश होते.

बाबांनी चष्मा वर केला. "हे काय? दाराची कडी?"

"उचलून तर बघा."

त्यांनी हँडल उचललं. ठक! अंगठ्याचं पेर थेट दुर्बिणीवर आपटलं. त्यांनी परत उचललं. परत ठक. मी मापं घेतली तेव्हा दुर्बीण डब्यात होती. गोळ्याच्या आणि दुर्बिणीच्या मधे अंगठ्याला जागा लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबा हसायला लागले. कित्येक महिन्यांत हसले नव्हते, ते सगळं साठलेलं एकदम बाहेर आलं. हसता हसता ठसका लागला. "मी काय कोकलत होतो इतकी वर्षं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सुतारकाकांचंही मोठंच हँडल आहे ना? ते दहाच्या दहा मारतात!" मी म्हणाले.

हसणं थांबलं. ते पेपर घेऊन घरी गेले. मला वाटलं, संपलं सगळं. भांडायलाही उरले नाहीत आता.

दुसऱ्या दिवशी मी आठ वाजता दुकान उघडायला गेले तर ते आधीच उघडं होतं. बाबा टेबलाशी उभे, माझ्या गोळ्यावर पेन्सिलीच्या खुणा करत होते.

"अर्धवट काम टाकायची आपल्याकडे पद्धत नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "शिकंज्यात रायफल असते, माणूस नसतो. सतरंजी आण."

सतरंजी अंथरली. बाबा रायफल घेऊन दुकानाच्या मधोमध पालथे झोपले. त्यांचा हात त्याच उंचीवरून दिसावा म्हणून मीही शेजारी आडवी झाले. ते रिकाम्या रायफलचा बोल्ट पुन्हा पुन्हा उचलत होते, मी बघत होते. तेवढ्यात आई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं बाई! दोघंही पडलात की काय?"

"काम चाललंय," बाबा जमिनीवरूनच म्हणाले. आईंनी कप आमच्या नाकाशी ठेवले आणि गेल्या. बाहेर जाऊन त्या हसल्या ते आम्हाला ऐकू आलं.

त्या दिवशी आडवं पडल्यावर जे दिसलं ते उभ्याने दिसलं नसतं. बाबा हँडल बोटांनी धरतच नव्हते. बोटं ऐकत नाहीत म्हणून ते तळहाताने, मनगटाजवळच्या मांसल भागाने ते वर रेटत होते. आखूड हँडल तिथपर्यंत पोचत नव्हतं. म्हणजे नुसता गोळा मोठा करून भागणार नव्हतं. हँडल लांब हवं होतं, मागच्या बाजूला थोडं कललेलं, आणि गोळा लांबट, दुर्बिणीपासून दूर. लांब हँडल उचलायला जोरही कमी लागतो.

आम्ही आधी लाकडाचे नमुने केले. पहिला शर्टाच्या बाहीत अडकला. दुसरा मला आवडला, त्यांना नाही. तिसरा त्यांना आवडला, त्यांच्या हाताला नाही. या काळात आम्ही इतकं भांडलो की माझ्या नवऱ्याने दवाखान्यातून फोन करून आईंना विचारलं, सगळं ठीक आहे ना? आई म्हणाल्या, "छान चाललंय." चौथा नमुना बसला. तो मी लोखंडात केला.

"ग्रीस लावलंस?" बाबांनी विचारलं.

"लावलं."

"आधी ग्रीस. हँडल नंतर. ते मी सोडणार नाही."

मग कानशीने कड मोडता मोडता ते शिकंज्याकडे बघत म्हणाले, "दहातल्या नऊ जणांना नकोच असतं. मी दहाव्यालाही तेच सांगत बसलो." मी लेथ पुसायला घेतलं. बाबांनी कबुली दिली की माणसाने गप्प बसावं.

स्पर्धेच्या दिवशी बाबांनी हँडलवर हातरुमाल टाकून ठेवला होता. शेजारच्या चटईवर सुतारकाका होते. मला वाटलं, हा रुमाल गोळी सुटेपर्यंत निघत नाही. पण पंच चटया तपासत आले.

"रुमाल काढा. बोल्ट उघडा दिसला पाहिजे."

नियमापुढे काय चालणार? बाबांनी रुमाल काढला. सुतारकाका कोपरावर रेलून बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले. बाबांचे कान लाल झाले.

"लांब केलंस?"

"हो."

"गोळाही लांबट दिसतोय."

"तळहाताने उचलतो. बोटं गेली माझी कामातून."

सुतारकाकांनी आपला अंगठा पुढे केला. "माझा अंगठा दुर्बिणीला घासतो. आठ वर्षं घासतोय."

"घेऊन ये दुकानात. सूनबाई करते, हात चांगला आहे तिचा." बाबांनी रुमाल चटईखाली सरकवला. "तेव्हाच करून द्यायला हवं होतं रे. चुकलंच माझं."

"वारा डावीकडून आहे," सुतारकाका म्हणाले, पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

शिट्टी झाली. मी कठड्यामागे उभी राहून मोजत होते. एक, दोन. हँडल वर, मागे, पुढे, खाली. रायफल खांद्यावरून हलत नव्हती. पाचनंतर पुढच्या पाच गोळ्यांचा डबा रायफलला बसवायला त्यांना वेळ लागला, बोटांनी तिथे दगा दिला. आईंनी माझा दंड घट्ट धरला. सहा. गेल्या वर्षी इथेच संपलं होतं. सात. आठ. नऊ झाल्यावर त्यांचा तळहात हँडलवरून एकदा घसरला. त्यांनी परत रेटलं. गोळी सुटली आणि लगेच भोंगा वाजला.

नेमाचं म्हणाल तर चौदा जणांत बाबा अकरावे आले, पण ते तासाभराने कळलं. त्या क्षणी सगळे उठले आणि बाबा उठले नाहीत. आई कठड्यावरून पुढे वाकल्या. पंचांनी 'जा' असा हात करताच मी धावत गेले, चटईपाशी गुडघ्यांवर बसले.

ते उजव्या तळहाताने रिकामी काडतुसं गोळा करत होते, एकेक करून चटईच्या कडेला उभी करत होते. गाल ओले होते.

"दहा आहेत ना गं?" ते म्हणाले. "तू मोज. मला नीट दिसत नाहीये."

मी मोजली. मलाही नीट दिसत नव्हतं, पण दहाच होती.