फुलाफुलांचा अभ्रा

आजारी मित्राला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. शेजारच्या खाटेवरच्या बाई घरून आणलेला फुलाफुलांचा अभ्रा हॉस्पिटलच्या उशीला चढवत होत्या. त्यांच्या केमोचं सलाईन दुपारीच संपलं होतं. नवऱ्याला म्हणाल्या, "आता चला की घरी." तो हळूच म्हणाला, "उद्या सकाळी जाऊ. रात्रभर राहिलो नाही तर क्लेम पास होत नाही गं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. हेच वाक्य मी माझ्या बायकोला, सुधाला, दर खेपेला ऐकवलं होतं. आमच्याही पॉलिसीला रात्रीचा मुक्काम लागायचा. सलाईन निघालं की सुधा साडी नीट करून, पर्स मांडीवर घेऊन बसायची, एसटीची वाट बघत असल्यासारखी. तिला फार काही नको होतं. आपल्या ओट्यापाशी उभं राहून मऊ भात करायचा होता, आपल्या उशीवर निजायचं होतं. मी म्हणायचो, "एकदा बरी झालीस की घरीच आहेस." तिच्या किती रात्री उरल्या आहेत, हे पॉलिसीला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

त्या नवऱ्याला सांगावंसं वाटलं, बाबा रे, आजच घेऊन जा तिला. पण मग पुढचं केमो कशातून करू, असं त्यानं विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

मी निघालो. अभ्रा त्या उशीला तोकडा पडत होता. बाई पुन्हा पुन्हा ओढून बघत होत्या.