टेबलावर आखलेल्या पट्ट्या

गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळपर्यंत माझे हात लाकडासारखे होतात. पाटसजवळच्या साखर कारखान्यात मी लॅबमध्ये आहे. दिवसभर रसाचे नमुने आणायचे, तपासायचे, बाटल्या विसळायच्या. घरातला पहिला पदवीधर मीच, सावलीत बसून काम करतो, म्हणून तक्रार करायला जीभ उचलत नाही.

त्या हंगामात घरी आल्यावर मी पियानोची एक फँटसी बसवत होतो, एका ऑपेरावर रचलेली. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. त्यातली गाजलेली पदं घेऊन एकट्या पियानोवर एवढा पसारा मांडायचा, की गाणारे, साथीदार, सगळी मंडळी दोन हातांत आली पाहिजेत. ही फँटसी दौंडच्या बाईंची आवडती. कॉलेजात असताना त्यांच्या खिडकीखाली पियानो ऐकत मी रेंगाळायचो; त्यांनीच आत बोलावलं आणि काही न मागता शिकवलं. आता संधिवातानं त्यांची बोटं वाकली होती. त्या आपल्या मुलीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या, पियानो चर्चला जाणार होता. त्याआधी ही फँटसी त्या घरात एकदा पुरती ऐकायची, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

राहू या आमच्या गावी, घरी माझा कीबोर्ड पाचच सप्तकांचा. फँटसी दोन्ही टोकांना त्याच्या बाहेर जाते. म्हणून तो टेबलावर मधोमध ठेवून उरलेल्या पट्ट्या मी दोन्हीकडे लाकडावर खडूनं आखल्या. कीबोर्ड संपला की टकटक. वडील, आमचे आबा, अंगणातून म्हणायचे, आज पेटी कमी आन् सुतारकामच जास्त.

मधे एका ठिकाणी पद दोन्ही अंगठ्यांनी वाजतं आणि बाकीची बोटं खालीवर पळतात, तीन हात असल्यासारखी. ते ऐकून मात्र आबा आत आले.

"बुवा मधी बसल्यात आन् दोन्हीकडं टाळकरी. व्हय का न्हाई?"

हे मी बाईंना फोनवर सांगितलं, तेव्हा त्या कितीतरी वेळ हसत होत्या.

त्या निघायच्या आदल्या दिवशी ड्यूटी संपवून मी दौंडला गेलो. सामान बांधलेलं, पियानो उघडा. सुरुवात बरी झाली. मग हात खालच्या टोकाला गेला आणि जिथं घरी लाकूड होतं तिथं सूर लागला, शेजारच्या पट्टीचा. वरच्या टोकालाही तेच. खडूच्या पट्ट्या मी अरुंद आखल्या होत्या, आणि लाकूड काही बोलत नाही.

"तुझं टेबल बेसूर आहे रे," बाई म्हणाल्या.

मी बघून बघून पुढे वाजवत राहिलो. पण अंगठ्यांच्या जागेपर्यंत हातांतलं सगळं बळ संपलं होतं. पद बोटांच्या गर्दीत हरवलं. मी थांबलो. म्हणालो, बाई, आज नाही होत. उद्याचा दिवस नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या स्टूल ओढून शेजारी बसल्या.

"पद माझ्याकडे दे. तू टाळकरी हो."

माझ्या दोन हातांमधून त्यांनी एक वाकडं बोट घातलं आणि पद धरलं. फार हळू. त्यांचा पुढचा सूर येईपर्यंत मी वरच घुटमळत राहायचो, मग पुन्हा पळायचो. असं करत शेवटच्या पानापर्यंत आलो.

शेवटचा सूर अगदी खालच्या टोकाचा होता. मी आधी पट्टी नीट पाहिली, मग वाजवला.