उगारलेला हात

सोमवारी पहाटे सगळं उज्जैन महाकालाच्या रांगेत असतं आणि मी मोबाइलपुढे बसून अमेरिकन फुटबॉल बघत असतो. पन्नाशी उलटली, बँकेत लोक साहेब म्हणतात, आणि त्या खेळाचे निम्मे नियम मला अजून कळत नाहीत. मला त्यातले फक्त चकवण्याचे डाव आवडतात. चेंडू ज्याच्याकडे दिसतो त्याच्याकडे तो नसतो, बस. सगळ्यांत लाडका डाव असा: खेळाडू चेंडू फेकायला हात उंच उगारतो, समोरचे सगळे त्या हाताकडे धावतात, आणि तेवढ्यात त्याने दुसऱ्या हाताने, पाठीमागून, चेंडू साथीदाराला देऊन टाकलेला असतो. लौकी, म्हणजे आपला दुधी, घेऊन हा डाव मी हॉलमध्ये इतक्यांदा करून दाखवलाय की भाजी चिरायच्या आधी बायको विचारते, "झालं का खेळून?"

मेहुणे गेले त्याला वर्ष होत आलं तेव्हा ताई पुण्याहून आमच्याकडे आली. अस्थिविसर्जनाच्या वेळी राम घाटावर सगळं इतकं भराभर झालं होतं की पंडा सांगेल ते ती नुसती त्याच्यामागून म्हणत राहिली. आता तिला नदीत थोडी फुलं आणि मेहुण्यांच्या आवडीचा पेढा सोडायचा होता, एवढंच.

"या खेपेला मला कुणाच्या मागून बोलायचं नाहीये," ती म्हणाली. "माझं मला बोलायचंय."

पण परगावची बाई घाटावर दिसली की पंडे विचारणारच, कौन गाँव, किसका श्राद्ध. त्यांचं ते कामच. मला चैन पडेना. जेवताना मी ताटातल्या वाट्या इकडून तिकडे सरकवत होतो. शेवटी डाव ठरला. मी पांढरी टोपी घालून, पूजेची पिशवी उंच धरून, खणखणीत मराठीत रस्ता विचारत पुढे जायचं. पंडे माझ्यामागे येतील, आणि बायको ताईला कडेच्या पायऱ्यांवरून पाण्यापाशी नेईल. हात जोडून सरळ नको म्हटलं तर काय बिघडतं, असं बायको म्हणाली. ते इतकं सोपं होतं की मला पटलंच नाही.

डाव झकास जमला. पंड्यांनी मला घेरलं. त्यांतल्या चष्मेवाल्याने मात्र निरखून विचारलं, "बैंक वाले साब, आप कब से जात्री हो गए?" मी हात आणखी उंच केला. तिकडे ताई खालच्या पायरीवर जाऊन बसली. मग तिने बायकोकडे बघितलं आणि बायकोने माझ्याकडे.

फुलं, पेढा, सगळं माझ्या उगारलेल्या हातात होतं. चेंडू द्यायचाच राहिला होता.

आपण पिशवी घेऊन खाली गेलो तर हा सगळा घोळका ताईपाशी पोचणार, एवढंच डोक्यात आलं आणि मी पिशवी फेकली. ती बायकोच्या हातांवरून गेली आणि पाण्यात पडली. झेंडू पसरला. मी धावत खाली उतरलो.

ताई तरंगणाऱ्या फुलांकडे बघत होती.

"हेही कधी वस्तू हातात देत नसत," ती म्हणाली. "किल्ल्या, टॉवेल, सगळं फेकायचे. आणि वर झेलता येत नाही म्हणून मलाच हसायचे."

मग ती पाण्याकडे वळली आणि हलकेच म्हणाली, "ऐकलंत का..."

पुढचं आम्हाला ऐकू आलं नाही. बायकोने माझ्या कोपराला धरून मला वर आणलं. चष्मेवाल्या पंड्याने बाकीच्यांना हातानेच मागे सारलं होतं. ताई बराच वेळ बोलत राहिली, आणि मी टोपी चुरगळत, या पायावरून त्या पायावर होत, तिथेच उभा राहिलो.