पाण्याच्या ग्लासावरचा रेट

फर्निचरच्या कामात प्लायचे तुकडे उरतात. फेकवत नाहीत आणि कुठे बसतही नाहीत. माळ्यावर चढत जातात. आमच्या धंद्यातले किस्सेही तसेच साठलेत. परवा माळा आवरायला काढला, तर सगळे डोक्यावरच पडले. त्यातले हे काही. थोडी पॉलिश मारलीय, पण आतला प्लाय खरा आहे.

आम्ही तिघं इंटिरियर डिझायनर. मी वसईत, दिगंबर विरारला आणि सुहासही विरारलाच. सुहासचा स्टेशनपासून चार मिनिटांवर भाड्याचा गाळा, काचेचा दरवाजा, दारात मनीप्लांट. तिघांत फक्त त्याचंच ऑफिस ऑफिससारखं होतं. मी आणि दिगंबर मोबाइल आणि मोटरसायकलवरच ऑफिस चालवायचो. रविवारी सकाळी हसमुखभाईंच्या प्लायवूडच्या दुकानात आमची बैठक. चहा त्यांचा, कारण प्लाय आम्ही त्यांच्याकडूनच घ्यायचो. आणि प्रत्येक शीटमागे आमचं कमिशन असायचं.

*

रेट कसा सांगायचा, हे मला माझ्या गुरूंनी शिकवलं. घरात शिरायचं, बसायचं आणि पाणी येईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही!

पाणी स्टीलच्या फुलपात्रातून आलं, तर साधा रेट. काचेच्या ग्लासातून आलं, तर दोनशे रुपये फुटाला जास्त. ग्लास ट्रेमध्ये असेल तर आणखी दोनशे. सीलबंद बाटली आली, तर आधी म्हणायचं, "तुमच्यासारख्यांना चीप मटेरियल शोभणार नाही हो!" मग काय वाटेल ते सांगायचं.

वीस वर्षं मी याच मापाने धंदा केला. ट्रे ठेवल्याच्या आवाजावरून मी त्या घरातला नवरा नोकरीत कुठल्या ग्रेडवर आहे ते सांगायचो. नायगावला एकदा तर त्यांच्या गृहकर्जाचा हप्तासुद्धा सांगितला. बाई घाबरून आत गेली.

हे सगळं मी रोज रात्री जेवताना घरी सांगायचो. माझी मुलगी मुग्धा लहान होती तेव्हा हसून हसून ताटावर पडायची. "बाबा, आज बाटली की फुलपात्र?" असं विचारायची. आमच्या घरात जेवणाची सुरुवातच त्याने व्हायची.

*

मग सुहासचा तो मनवेलपाड्याचा किस्सा झाला.

बालवाडीच्या एक निवृत्त बाई. वन रूम किचन. सुहास बसला. पाणी आलं ते निळ्या फुलांच्या काचेच्या ग्लासातून, तेही ट्रेमध्ये. सुहासने त्याच नियमाप्रमाणे चारशे चढवून रेट सांगितला. बाईंनी घासाघीस केली नाही. म्हणाल्या, "मग स्वयंपाकघर राहू दे. कपाट आणि देव्हारा तेवढा करा."

सुहास माप घेत होता. तेवढ्यात दारातून शेजारीण ओरडली, "काकू, ग्लास झाले असतील तर द्या हो! आमच्याकडेपण पाहुणे आलेत!"

बाई ट्रेसकट उठल्या. सुहासला म्हणाल्या, "साहेब येणार म्हणून आणले होते. आमची फुलपात्रं बरी दिसली नसती."

सुहासने हे रविवारी सांगितलं, तेव्हा दिगंबरच्या नाकातून चहा बाहेर आला. मीही खुर्चीचा हात बडवून हसलो. सुहासचा चहा तसाच गार झाला.

रात्री मी घरी सांगितलं. मुग्धा तेव्हा नोकरीला लागली होती. हसली नाही. म्हणाली, "मग सुहासकाकांनी रेट कमी केला?"

"केला. स्वयंपाकघरही करून दिलं येड्याने."

"तुम्ही केला असता?"

मी म्हटलं, "आमटी वाढ."

*

महिनाभराने सुहासने वेबसाइट काढली आणि तिच्यावर आपले रेट टाकले! कपाट इतकं, किचन इतकं, मजुरी इतकी, माझी फी इतकी. सगळं वेगवेगळं. खाली एक ओळ: "घर कुठेही असो, माणूस कोणीही असो, रेट हाच."

दिगंबर मोबाइल नाचवत म्हणाला, "अरे ए महात्मा! एवढं केलंस तर हसमुखभाईंचं कमिशनपण टाक ना!"

सुहास म्हणाला, "बरं आठवण केलीस."

संध्याकाळी दुसरी ओळ आली: "दुकानदाराकडून कमिशन घेत नाही. प्लायचं बिल थेट तुमच्या नावावर."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो, तर खुर्च्या दोनच! हसमुखभाई गल्ल्यामागून म्हणाले, "सुहासभाई, तुम्ही तर थेट बिलवाले. काउंटरवर या ने. बसायचा काय काम?"

सुहास उभा राहिला. मी आणि दिगंबर बसलो. चहाही दोनच आले. मी माझ्यातला अर्धा त्याला देणार होतो, पण तोपर्यंत पिऊन झाला होता.

*

वेबसाइटवरून त्याला पहिला फोन आला तो असा:

"साइटवर लिहिलाय तोच रेट का?"

"हो."

"त्यात कमी-जास्त?"

"काही नाही."

"मग मी फोन कशाला केला?"

ठेवला!

दुसरे एक गृहस्थ ऑफिसात येऊन, एसीत अर्धा तास बसून, त्याला समजावून गेले, "मिस्टर, भाव भाजीवाला लिहितो. चांगल्या डॉक्टरच्या दारावर फी लिहिलेली असते का?"

सुहास म्हणाला, "असते की!"

"मग तो चांगला नसणार."

त्यांनी काम मला दिलं. त्यांच्याकडे पाणी बाटलीतून आलं.

*

पापडीच्या फिलिप सरांचा किस्सा तेवढा गोड आहे. तोंडाला चव यावी म्हणून सांगतो.

हे मराठी माध्यमाचे मास्तर. नव्वदीला टेकलेले. नातवाकडून त्यांनी सुहासच्या रेटचा कागद छापून घेतला, लाल पेनने दोन वेलांट्या सुधारल्या आणि सुहासला वाडीत बोलावलं.

"सगळं वाचलं. अटी लागू असं कुठे दिसलं नाही."

"अटी नाहीत, सर."

सरांनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली. मग म्हणाले, "कपाट उद्यापासून सुरू कर. मला वेळ कमी आहे."

कपाट झालं. सर त्यात रोज सकाळी आपला सदरा स्वतः अडकवायचे, असं सुहास सांगायचा. ते काम त्याला सरांनी दया म्हणून दिलं, असं दिगंबरने सगळीकडे सांगितलं. मी नाही सांगितलं. मी फक्त नाही म्हटलं नाही.

*

आता माझा किस्सा. लपवायचं कशाला?

सुहासची वेबसाइट सगळ्यांत जास्त कोणी वापरली असेल, तर ती मी! गिऱ्हाइकाकडे जायचं, सुहासचं पान उघडून दाखवायचं आणि म्हणायचं, "याच्यापेक्षा फुटाला शंभर कमी!" काम हातात यायचं. मग हँडलचे पैसे वेगळे. बिजागऱ्या वेगळ्या. आतून लॅमिनेट वेगळं.

एका बाईंनी कपाट उघडून विचारलं, "यात ड्रॉवर नाहीत?"

मी म्हटलं, "ड्रॉवर हवे होते का? बोलला नाहीत!"

दिगंबरने तर सुहासच्या पानाची प्रिंट लॅमिनेट करून घेतली. बॅगेतच असायची. सुहासने एकदा त्याच्या बॅगेत पाहिली, तेव्हा म्हणाला, "अरे, हे जुनं झालं. किचनचा रेट मी कमी केलाय. नवीन छापून घे."

दिगंबरने घेतली.

*

गेल्या वर्षी सुहासचा गाळा गेला. त्याच्या तीन गिऱ्हाइकांपैकी दोन माझ्याकडे आली होती, म्हणजे हिशेब विचारायची गरज नव्हती. तिथे आता केकचं दुकान आहे. बोर्ड उतरवायला मी गेलो होतो. शिडी माझीच होती.

मी म्हटलं, "सुहास, आता ती वेबसाइटपण बंद कर बाबा. लोक फुकट वाचतात."

त्याने मनीप्लांट स्कूटरच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "तीन वर्षांचे पैसे भरलेत रे. ऑफिस बंद झालं, रेट चालू आहेत."

आणि घरातून दोन सुतार घेऊन काम करायला लागला. रविवारी दुकानात यायचं त्याने बंद केलं. हसमुखभाईंनी तिसरी खुर्ची पुन्हा बाहेर काढली. दिगंबर तिच्यावर पाय ठेवतो.

*

हा शेवटचा.

मुग्धाने आणि जावयाने नायगावला फ्लॅट घेतला. सतराव्या मजल्यावर. दोघांनी पै-पै जमवून. मी मनातल्या मनात हॉलचं सीलिंगसुद्धा ठरवून टाकलं होतं. मुलीचं घर आहे, फी घेणार नव्हतो. हसमुखभाईंचं कमिशन तेवढं आलं असतं, पण ते काही मी मागून घेत नाही. ते येतंच.

किल्ली मिळाली त्या रविवारी मी टेप खिशात टाकून गेलो. रिकामं घर. खिडकीतून खाडी दिसत होती. बसायला काही नव्हतं. हॉलच्या मधोमध रंगाचा एक डबा पालथा घातलेला. त्यावर डाव्या बाजूला आमच्या घरातलं, मुग्धाचं लहानपणीचं स्टीलचं फुलपात्र. उजव्या बाजूला ट्रे आणि ट्रेमध्ये काचेचा ग्लास. दोन्हीत पाणी काठोकाठ. मागच्या भिंतीवर, चिकटपट्टीने लावलेला, सुहासच्या रेटचा कागद.

जावई खाडी बघायला लागला.

मुग्धा म्हणाली, "बाबा, उन्हातून आलात. आधी पाणी घ्या."

मी फुलपात्राकडे पाहिलं. ट्रेकडे पाहिलं. टेप खिशातच राहू दिली. स्वयंपाकघरात गेलो, नळ सोडला आणि ओंजळीने प्यायला लागलो.

जावई घाईने म्हणाला, "बाबा, अहो, तिथे फिल्टर नाही बसवला अजून!"

"तू थांब," मुग्धा म्हणाली. ती दारात येऊन उभी होती. "बाबा, ओंजळीला रेट काय लावता?"