बरोबरी चालणार नव्हती

फुटबॉलशी माझा संबंध त्या वर्षापर्यंत शिव्या देण्यापुरताच होता. दोह्यात वर्ल्ड कप झाला तेव्हा ऑफिसला जायचे रस्ते बंद, मेट्रोत पाय ठेवायला जागा नाही. खेळ संपला तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक जपानी इंजिनियर राहायचे. साठीच्या घरातले, एकटे. बायको तिकडे जपानात, त्यांच्या म्हाताऱ्या आईजवळ. मुशैरिबच्या एकाच ऑफिसात, एकाच गॅस प्रोजेक्टवर आम्ही काम करत होतो. माझा नवरा निम्मा महिना समुद्रात, ऑफशोअर रिगवर. त्यामुळे सकाळी गाडीत सोबत म्हणून मी त्यांना घेऊन जायला लागले. माझी मुलगी त्यांना आजोबा म्हणायची. मराठी सगळं समजत असून उत्तरं इंग्लिशमध्ये देणारी ही पोरगी, पण 'आजोबा' मात्र अगदी मराठीत.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी त्यांनी बेल वाजवली. हातात लॅपटॉप, गळ्यात लोकरीचा मफलर.

"तुमचा टीव्ही मोठा आहे," ते संकोचून म्हणाले. "आमच्या गावाची मॅच आहे."

त्यांचं गाव म्हणजे मासेमारीचं एक बंदर. मासे डब्यात भरायचे कारखाने होते, त्यातले बरेचसे आता बंद. क्लब दुसऱ्या डिव्हिजनमधला. मधूनच तिसऱ्यात घसरायचा, पहिल्यात कधीच गेला नव्हता. त्या वर्षीही घसरणार, असंच सगळे म्हणत होते.

पण तो जिंकत सुटला. जपानात दुपार असते तेव्हा आमची सकाळ, म्हणून शनिवारचे पोहे मॅचबरोबर व्हायला लागले. आजोबा सोफ्याच्या कडेला ताठ बसायचे. मुलगी ऑफसाइड समजावून सांगायची. मी सुरुवातीला स्वयंपाकघरातून डोकावायचे, मग दारात उभी राहायला लागले आणि एप्रिलपर्यंत सोफ्याचा मधला भाग माझा झाला. आमचा सगळा जीव नऊ नंबरच्या जर्सीतल्या स्ट्रायकरवर. गावातल्याच शाळेत शिकलेला, बाप बंदरावर क्रेन चालवणारा. पळायचा असा, की मागच्याने नाद सोडावा.

उन्हाळ्यात क्लब तिसऱ्या नंबरवर पोचला आणि त्याच आठवड्यात नऊ नंबरला पहिल्या डिव्हिजनच्या क्लबाने उचललं. हंगामाच्या ऐन मध्यात. त्याच्या शेवटच्या मॅचनंतर तो माइक घेऊन उभा राहिला, रडला, चारही बाजूंना वाकून नमस्कार केला. लोक टाळ्या वाजवत होते.

"टाळ्या कसल्या वाजवताय?" मी टीव्हीवर ओरडले. "पाठ दाखवून चाललाय तो!"

"इलाज नाही," आजोबा म्हणाले. "तिकडे पहिली डिव्हिजन आहे."

"आई, एव्हरीवन लीव्हज," मुलगी म्हणाली. "यू ऑल्सो लेफ्ट नाशिक."

"मी नाशिकची नऊ नंबर नव्हते!"

ती हसली. मला हसू आलं नाही. अख्ख्या गावाने डोक्यावर घेतलेला पोरगा श्रीमंत क्लबाने ऐन वेळी उचलून न्यायचा आणि ज्यांचं नेलं त्यांनीच वाकून निरोप द्यायचा, ही कुठली रीत?

पुढे व्हायचं तेच झालं. हार, हार, बरोबरी, हार. त्याच्या जागी आलेल्या उंच पोराला मी लाकडाचा ओंडका म्हणायचे. दर शनिवारी माझा आवाज चढायचा आणि आजोबा आणखी शांत व्हायचे. तरीही शेवटच्या दिवशी क्लब कसाबसा सहावा आला.

पहिले दोन क्लब सरळ वर जातात. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चार उरलेल्या एका जागेसाठी प्लेऑफ खेळतात. त्यात नियम असा, की बरोबरी झाली तर वरच्या नंबरचा क्लब पुढे जातो. म्हणजे आम्हाला जिंकायलाच हवं होतं. बरोबरी चालणार नव्हती.

मॅच आली रविवारी. इथे रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला कामाचा दिवस. आजोबांनी मॅनेजरकडे सकाळची दोन तासांची सुट्टी मागितली. वर्षभरात त्यांनी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मॅनेजर आपल्याकडचाच, दिल्लीचा. टेबलावर युरोपातल्या एका बड्या क्लबाचा कॉफी-मग.

"सेकंड डिव्हिजन?" तो मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने हसला. "यार, वो भी कोई फुटबॉल है?"

त्या वेळेला आमची आढाव्याची मीटिंग होती. क्लायंट येणार नव्हता, काही अडलेलं नव्हतं. त्याच्या लाडक्या क्लबाची फायनल झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी हाच माणूस जेवणाच्या सुट्टीनंतर उगवला होता आणि त्याच्या दोन मीटिंगा मी सांभाळल्या होत्या. आजोबा "ठीक आहे" म्हणाले आणि किंचित वाकले. ते वाकणं बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

परतताना गाडीत मी म्हटलं, "तुम्ही भांडला का नाहीत?"

"ऑफिसचा नियम आहे."

"त्याच्या वेळेला कुठे जातो हो हा नियम?"

त्यांनी बॅगेतून व्हॉल्व्हच्या चाचण्यांचे कागद काढले.

रविवारी मी मीटिंगमध्ये मांडीवर फोन ठेवून बसले, आवाज बंद करून. आजोबा समोर उभे राहून व्हॉल्व्हच्या चाचण्यांबद्दल सांगत होते. पहिल्या हाफमध्ये आम्ही गोल केला. मी टेबलाच्या कडेवर एक बोट उभं केलं. त्यांनी बघितलं, पुढची स्लाइड लावली. कान मात्र लाल झाले होते.

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या क्लबाने परतफेड केली. माझ्या तोंडून नकळत "अरे देवा" निघालं. मॅनेजरने वाकून फोन बघितला.

"अच्छा, वो जापान का गली क्रिकेट चल रहा है?"

सगळे हसले. आजोबासुद्धा हसले, ओशाळून, आपलंच काही चुकल्यासारखे. ते हसू माझ्याच्याने बघवेना. मी उभी राहिले.

"सर, तुमची फायनल होती त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही दुपारी आलात," मी इंग्लिशमध्ये म्हणाले. "आम्ही कोणी हसलो नाही. तुमचं काम केलं."

मी आजोबांकडे वळले. ते स्लाइडचा रिमोट हातात धरून तसेच उभे. रागाच्या भरात माझ्या तोंडून मराठीच आलं, "चला, आजोबा."

दोनपैकी एक शब्द त्यांना येत होता. त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि माझ्यामागून बाहेर आले.

ट्रामच्या थांब्याजवळच्या बाकावर आम्ही बसलो, मध्ये फोन. शेवटची काही मिनिटं उरली होती. आमचा गोलकीपरसुद्धा पुढे आला होता. ओंडक्याला बॉल मिळाला, अगदी गोलसमोर. त्याने जोरात मारला आणि समोरच्या गोलकीपरने पडता पडता पायाने अडवला. शिटी वाजली. एक-एक. समोरचे जिंकल्यासारखे नाचले, आमचे गवतावर आडवे झाले. मग उठले, रांगेत उभे राहिले, वाकले. आणि पुन्हा टाळ्या.

"बरोबरी झाली ना? मग हरलो कसे?" मी ओरडले. पलीकडचा सिक्युरिटीवाला वळून बघायला लागला.

धाडकन आवाज झाला. आजोबांनी बाकावर मूठ आपटली होती. मग ते जपानीत काहीतरी बोलले, दात आवळून, मोठ्याने.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"मुलीला सांगू नका." मग मूठ उघडत ते म्हणाले, "नऊ नंबरला मी माफ केलेलं नाही. कारखाना बंद करणाऱ्यांनाही नाही. माझं सगळं आयुष्य टाळ्या वाजवण्यात गेलं."

पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याएवढं चिडलं होतं.

दुपारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. सगळ्यांना ईमेल करून माफी माग, म्हणाला. मी नाही म्हटलं. मग तो अगदी गोड झाला. टीम लीडच्या जागेसाठी माझं नाव पुढे होतं, पण 'टेंपरामेंट'ही बघावं लागतं, वगैरे. "अगले साल, इन्शाल्ला."

ती जागा दुसऱ्याला मिळाली. डिसेंबरात आजोबांचं काँट्रॅक्ट वाढवलं नाही. कारण दिलं प्रोजेक्ट आटोपत आल्याचं. प्रोजेक्ट अजून चालू आहे. त्यांचं काम दोघांत वाटलंय, त्यातली एक मी. विमानतळावर मुलगी त्यांच्या गळ्यात पडून रडली. मी मॅनेजरला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहत गाडी चालवत घरी आले.

नवरा रिगवरून परतला. सगळं ऐकून म्हणाला, "एका मॅचसाठी प्रमोशन घालवलंस?"

"हो," मी म्हटलं, आणि दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

फेब्रुवारीत नवा हंगाम सुरू झाला. पहिल्याच शनिवारी तो चहा घेऊन शेजारी बसला. क्लबाने थंडीत आणखी दोघं विकले होते आणि आम्ही दोन गोलांनी मागे होतो.

"अगं, आता तर आजोबा जपानला गेले," तो म्हणाला. "तू कशाला बघतेस?"

"गप्प बस जरा. कॉर्नर आहे."