उघडा पत्रा

धुळ्याला देवपुरात आमच्या जुन्या गाडीचा सडलेला दरवाजा ज्याने जोडून दिला, त्या डेंटरचं नाव मला आजही माहीत नाही. त्याचा आवाज मात्र विसरणं शक्य नाही. नवा पत्रा वेल्डिंग करून, घासून, थिनरने पुसून त्याने आरशासारखा केला. कौतुकाने माझा हात पुढे गेला, तोच तो ओरडला, "हात नही! घाम लागना का गंज उनाच समजा!" रस्त्यापलीकडचा चहावालाही दचकला.

मग स्वारी गंज रोखणारा लाल प्रायमर लावायला बसली. सांध्यावरून ब्रश असा फिरे, जणू बाळाला तेल लावतोय. जेवणाचा डबा तसाच पडला होता. आधी जेवून घ्या म्हटलं, तर म्हणाला, "पत्रा उघडा शे भाऊ, माले घास कसा उतरी?"

प्रायमर लागला तेव्हा कुठे डबा उघडला. त्यातली अर्धी भाकरी आणि शेवभाजी त्याने मलाही खायला लावली.

पुढच्या आठवड्यात रंगवलेली गाडी न्यायला गेलो. चकचकीत दरवाजापुढे मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. तो पोट धरून हसला.

"आते तरी लावा हात, भाऊ! तुमनीच गाडी शे!"

मी आधी रुमालाने हात पुसले, मगच दार उघडलं.