नदीत सोडलेलं संत्रं

बाळांनो, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, पुण्याची नदी मेलीय का?" तेव्हा मी संत्रं सोलत होते आणि त्या वासानं मुठेचा काठ आठवला. शाळेत शिकवत असताना नदीचा वेग मोजायला मी तिसरीचा वर्ग तिथं नेला होता. कोवळं ऊन होतं, पाण्यावर धुकं. मुलांनी सोडलेल्या संत्र्याच्या साली जलपर्णीत अडकल्या. "बाई, नदी स्वारगेटच्या ट्रॅफिकसारखी अडकली! वेग शून्य लिहू?" एकानं विचारलं. "लिहू नकोस!" काठावरच राहणारी एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली आणि तिनं डब्यातलं अख्खं संत्रं जलपर्णीपलीकडे भिरकावलं. आम्ही सगळे बघत राहिलो. संत्रं डुललं, स्वतःभोवती फिरलं आणि सावकाश पुलाखाली गेलं. "गेलं माझं संत्रं!" ती आनंदानं ओरडली. आज सकाळी मी त्याच पुलावर उभी राहून आले. नदी अजून वाहते आहे.